शिकागो : पडले तर झेलशील?

आधी एक कबुली. मला उंचीची भीती वाटते. गच्चीवरून खाली बघितलं की जरा गरगरतं वगैरे क्यूट प्रकार नव्हे हा. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर गर्दीत कठड्याच्या बाजूला ढकलली गेले तरी माझ्या तळव्यांना घाम फुटतो. आणि अशी मी, जून २०२५ मध्ये, शिकागोतल्या हॅनकॉक बिल्डिंगच्या ९४व्या मजल्यावर, बाहेरच्या बाजूला कलणाऱ्या एका काचेसमोर रांगेत उभी होते. तेही स्वतःच्या पैशाने तिकीट काढून!

का? तर एक सोळा वर्षांची मुलगी आणि एक पुस्तक.

मुलगी म्हणजे माझी भाची, मावसबहिणीची लेक. ताई आणि जिजू गेली बरीच वर्षं शिकागोच्या वायव्येला शॉमबर्ग नावाच्या उपनगरात राहतात. सगळं कसं छान, सपाट, हिरवंगार. आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी बारा दिवसांसाठी गेले होते. फ्रीलान्सरला रजा मागावी लागत नाही, हा आमच्या धंद्यातला एकमेव पर्क. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "हिला घेऊन शहरात जा ना. घरात बसून बसून नुसती वाचत असते." भाचीने पुस्तकातून डोकं वर न काढता अट घातली. जायचं, पण टूरिस्टवालं शिकागो नाही. 'डायव्हर्जंट'वालं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. युटोपिया म्हणजे सगळं आलबेल असलेलं स्वप्नातलं जग. त्याच्या बरोब्बर उलटं ते डिस्टोपिया. शहरं मोडकळीला आलेली, सत्ताधारी डोक्यावर बसलेले आणि जग वाचवायचं काम सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या गळ्यात! २००८ मध्ये 'द हंगर गेम्स' आलं आणि या पुस्तकांची लाट उसळली. २०११ मध्ये आलेलं 'डायव्हर्जंट' याच लाटेतलं. लेखिका व्हेरॉनिका रॉथ तेव्हा अवघी २२ वर्षांची होती. ती वाढली बॅरिंग्टनमध्ये, म्हणजे ताईच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. शिकली शिकागोला लागूनच असलेल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत. शेवटच्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत तिने हे पुस्तक लिहून काढलं. आपण शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत काय करत होतो, हा प्रश्न इथे विचारायचा नाही.

पुस्तकातलं शिकागो पाच गटांत वाटलेलं आहे. अ‍ॅबनेगेशन म्हणजे निःस्वार्थी, अ‍ॅमिटी म्हणजे प्रेमळ, कँडॉर म्हणजे कायम खरं बोलणारे, एर्युडाइट म्हणजे हुशार, आणि डॉंटलेस म्हणजे बेडर. सोळाव्या वर्षी प्रत्येकाने एक गट निवडायचा. घरच्यांचा गट सोडून दुसरा निवडलात तर घर सुटलं. तुम्ही म्हणाल, किती अचाट कल्पना! छे हो. दहावीचा निकाल, सायन्स-कॉमर्स-आर्ट्स, आणि आर्ट्स म्हटल्यावर घरात पसरलेली ती शांतता. आपल्याकडे हे सगळं फॉर्म भरून होतं, एवढाच फरक.

नायिका ट्रिस निःस्वार्थी गटात वाढलेली. ती बेडर गट निवडते. (इथून पुढे स्पॉइलर्स आहेत. इतक्या जुन्या पुस्तकाचे स्पॉइलर्स दिले म्हणून माझ्यावर चिडू नका.)

चालत्या ट्रेनची गोष्ट

शॉमबर्गहून मेट्राच्या डबलडेकर गाडीने तासाभरात युनियन स्टेशन. बाहेर पडून नदीवरचा पूल ओलांडला की समोर विलिस टॉवर. ११० मजले. मूळ नाव सिअर्स टॉवर, २००९ मध्ये ते बदललं. पुस्तकात याच इमारतीला 'हब' म्हणतात आणि गट निवडण्याचा सोहळा इथेच होतो. खाली उभं राहून वर बघितलं तर माझी मानच मोडायची वेळ आली. भाचीने फोटो काढला नाही, सेल्फी नाही. नुसतं इमारतीकडे बघून म्हणाली, "इथे तिने आई-बाबांना सोडलं." मी म्हटलं, "चल, कॉफी घेऊ."

तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नव्हतं.

क्विन्सी हे जवळचं 'एल'चं स्टेशन. एल म्हणजे एलेव्हेटेड, रस्त्याच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवर धावणारी गाडी. शहराच्या मध्यातला तिचा चौकोन १८९७ मध्ये पूर्ण झाला. त्यालाच म्हणतात लूप. क्विन्सी स्टेशन अजूनही त्या काळातलं वाटावं असं ठेवलंय, लाकडी, टुमदार. ब्राउन लाइन पकडली तर ती अख्खा लूप फिरून मग उत्तरेला जाते. वळणावर चाकं असा काही आवाज करतात की दातांतून कळ जावी. आणि इमारती इतक्या जवळ, की आतल्या माणसाच्या टेबलावरचा डबा दिसतो.

पुस्तकातले बेडर लोक ही गाडी थांबतच नाही असं समजून वागतात. धावत्या गाडीत उडी मारून चढायचं, धावत्या गाडीतून उडी मारून उतरायचं. ट्रिसच्या पहिल्याच दिवशी सगळ्या नव्या पोरांना गाडीतून एका इमारतीच्या गच्चीवर उडी मारावी लागते. एक मुलगी पोहोचत नाही. मरते. तिची बहीण गच्चीवर किंचाळत असते आणि बाकीच्यांना पुढे चला म्हणून सांगितलं जातं.

"हे तुला भारी वाटतं?" मी विचारलं.

"नो! दॅट्स द पॉइंट, मावशी. हे ब्रेव्ह नाहीये. हे फक्त स्टुपिड आहे."

मी म्हटलं, बाई गं, डोंबिवलीच्या आठ-सतराला ये. तिकडे रोज सकाळी हजारो डॉंटलेस असतात आणि त्यांचा कोणी सिनेमा काढत नाही. मग तिला लेडीज डब्याची गोष्ट सांगितली. गाडी सुटते, तू धावतेस, एक पाय आत असतो, आणि दारातली एक बाई, जिला तू जन्मात पाहिलेलं नसतं, तुझं मनगट धरून तुला आत ओढते. मग लगेच "मरायचंय का?" म्हणून ओरडते. घाटकोपरपर्यंत तुझ्याशी एक शब्द बोलत नाही.

भाची हसली. मग म्हणाली, "तिने धरलं नसतं तर?"

"धरतात."

"हाऊ डू यू नो?"

खरंच, हाऊ डू आय नो? माहीत नसतंच. तरी आपण हात पुढे करतो.

ब्राउन लाइन नदी ओलांडून मर्चंडाइज मार्टच्या पोटातच शिरते. ही इमारत १९३० मध्ये उघडली तेव्हा जगातली सर्वांत मोठी होती. क्षेत्रफळ ४० लाख चौरस फुटांच्या घरात. २००८ पर्यंत तिला स्वतःचा वेगळा झिपकोड होता! पुस्तकात हे खरं बोलणाऱ्यांचं, कँडॉरचं मुख्यालय आहे आणि त्याचं नाव 'मर्सिलेस मार्ट'. दुसऱ्या भागात, २०१२ च्या 'इन्सर्जंट'मध्ये, ट्रिसला इथे सर्वांसमोर सत्य बोलायला लावणारं औषध टोचतात. आणि तिला जे लपवायचं असतं तेच तोंडातून बाहेर पडतं. जिवलग मैत्रीण क्रिस्टिनाच्या प्रियकराला गोळी तिनेच घातलेली असते. तो शुद्धीवर नव्हता, दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात होता, तिला मारायला आला होता. सगळं खरं. पण मैत्रिणीला हे सगळ्यांसोबत, गर्दीत उभं राहून कळतं.

नदीच्या दुसऱ्या काठावरून ती अवाढव्य इमारत बघत आम्ही सँडविच खाल्लं. मला वाटतं, अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत क्रूर प्रसंग आहे, सुरे आणि बंदुका धरूनसुद्धा. मैत्रीण दुरावते ती गोळीमुळे की लपवण्यामुळे, हे लेखिका स्पष्ट सांगत नाही, आणि ते बरंच करते.

भाची म्हणाली, "तिने आधीच सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलं?"

"बिकॉज... एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी अजून हार्ड होतं ना."

अर्धं सँडविच तिने कागदात गुंडाळून ठेवलं. सोळा वर्षांच्या पोरीच्या तोंडी हे वाक्य जरा जास्तच अनुभवी वाटलं मला. पण आपण पत्रकार असलो तरी सुट्टीवर होतो.

९४वा मजला आणि माझी पळापळ

आता हॅनकॉक. १९६९ची, १०० मजल्यांची, काळी, वर निमुळती होत गेलेली इमारत. बाहेरून अंगावर मोठमोठ्या फुल्या मारल्यासारखे तिरके खांब. २०१८ मध्ये तिचं हॅनकॉक हे नाव काढून नुसता पत्ता ठेवला, ८७५ नॉर्थ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू. पण ते कोणी म्हणत नाही. आपणही कुठे सगळी नवी नावं घेतो? त्या फुल्या शोभेच्या नाहीत. शिकागोचा वारा इमारतीला ढकलतो, ते बळ त्या अंगावर घेतात. ही युक्ती ज्यांनी बसवली ते इंजिनीअर फाझलूर रहमान खान, जन्म ढाक्याचा. सिअर्स टॉवरचं स्ट्रक्चरही त्यांचंच. म्हणजे या शहरातल्या दोन सर्वांत प्रसिद्ध उंच इमारतींत जाणारा प्रत्येक माणूस आपल्या उपखंडातल्या या गृहस्थांवर विश्वास टाकून लिफ्टचं बटण दाबतो. १९८२ मध्ये ते गेले. इमारती उभ्या आहेत.

लिफ्ट चाळीसेक सेकंदांत ९४व्या मजल्यावर नेते. कान बंद होतात. दार उघडलं की समोर लेक मिशिगन. त्याला तळं म्हणायचं म्हणजे चेष्टाच. पलीकडचा काठच दिसत नाही! पुस्तकात हे सगळं पाणी आटून दलदल झालेली आहे. रॉथबाईंनी शहरातली कोणतीही एक गोष्ट काढून टाकली असती तरी चाललं असतं, पण पाणी काढल्यावर शिकागो जसं उघडं पडतं तसं दुसऱ्या कशाने पडलं नसतं. हे त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळतं.

याच इमारतीच्या गच्चीवरून पुस्तकातली झिपलाइन सुटते. बेडर गटात जन्मलेली काही पोरं रात्री ट्रिसला सोबत नेतात. ती त्यांना धड ओळखतही नाही. लोखंडी तार, एक झोळी, आणि डोकं पुढे करून अंधारात खाली. वाचतानाच माझ्या पोटात खड्डा पडला होता.

पण थांबा, खरी गंमत खाली आहे. तार संपते तिथे ती अजून जमिनीपासून बरीच वर लोंबकळत असते. ब्रेक नाही, शिडी नाही. खाली आधी उतरलेली पोरं एकमेकांचे हात घट्ट धरून हातांचं जाळं करून उभी असतात. हिने स्वतःचा पट्टा सोडायचा आणि त्या हातांत पडायचं. आणि ट्रिसला तिथे जाणवतं की शंभर मजल्यांवरून घसरणं त्या मानाने सोपं होतं. या अनोळखी पोरांना आपलं मानून स्वतःला सोडून देणं, याला जास्त छाती लागते. ती पडते. ते झेलतात. मग ती स्वतः त्या जाळ्यात उभी राहते, पुढच्याला झेलायला.

माझ्या डोळ्यांपुढे ठाण्याची दहीहंडी आली. वरच्या थरावरच्या पोराचे फोटो सगळे काढतात. खाली हात वर करून ताटकळत उभ्या असलेल्या पन्नास जणांचा फोटो कोण काढतो? पण त्या पोराला विचारा, चढताना तो कोणाच्या भरवशावर चढतो.

असो. तर ९४व्या मजल्यावर 'टिल्ट' नावाचा एक प्रकार आहे. एका वेळी आठ जणांनी आपापल्या काचेच्या खणात उभं राहायचं, दोन्ही बाजूंचे दांडे धरायचे, आणि ती अख्खी भिंत तुम्हाला घेऊन बाहेर कलते. ३० अंश. खाली हजार फुटांवर मिशिगन अ‍ॅव्हेन्यू. भाचीने दोघींची तिकिटं काढायला लावली होती. मी मनाशी म्हणत होते, ट्रिसने केलं, चौदा-पंधरा वर्षांची पोरं करताहेत, तू मास कॉम झालीस, पुरात रिपोर्टिंग केलंस. रांग पुढे सरकली. आमच्या पुढचे आठ जण कलले. एक आजोबा खिदळत होते.

मी पळाले.

खरंच सांगते. "तू हो पुढे, मी फोटो काढते" म्हटलं आणि मागे सरकत सरकत थेट आतल्या भिंतीला जाऊन टेकले. पाय लटपटत होते. घशाला कोरड. मला वाटलं होतं भाची हसेल, व्हिडिओ करेल, फॅमिली ग्रुपवर टाकेल. ती रांगेतून बाहेर आली. माझ्याशेजारी जमिनीवर बसली. "तू खरंच घाबरलीस," म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिच्या आवाजात चक्क कौतुक होतं.

"हो. जाम."

"मला वाटलं मोठी माणसं फक्त म्हणतात घाबरतो म्हणून."

तिने टिल्ट केलंच नाही. दोन तिकिटं वाया. जिजूंना आकडा अजून सांगितलेला नाही.

चाकावर

नेव्ही पियर म्हणजे तळ्यात घुसलेला लांबलचक धक्का. आइस्क्रीम, बोटी, फुगे, आपल्या जुहूसारखी गर्दी, फक्त वाळू नाही. त्यावर ते मोठं चाक. या शहराचं आणि पाळण्याचं नातं जुनं आहे. जगातला पहिला फेरिस व्हील १८९३ मध्ये इथल्याच जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने उभा केला. उंची २६४ फूट. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, म्हणजे आपल्याला शाळेत शिकागो माहीत असतं ते तिथून. पुस्तकात ट्रिस आणि तिचा प्रशिक्षक फोर रात्रीच्या एका खेळात नेव्ही पियरच्या चाकावर चढतात, दुसऱ्या टीमचा झेंडा कुठे लपवलाय ते वरून हेरायला. ते १५० फुटी चाक आता इथे नाही बरं का. २०१६ मध्ये त्या जागी जवळजवळ २०० फुटांचं नवं आलं आणि जुनं मिसुरी राज्यात ब्रॅन्सनला गेलं. भाचीला हे माहीत नव्हतं. तिला इतकं वाईट वाटलं, जणू कोणी तिला न विचारता घरातलं सामान विकलं.

नव्या चाकाला बंद काचेचे डबे आहेत. दार लागतं, एसी आहे, तळ दिसत नाही. म्हटलं हे जमेल. बसलो.

फोर मला ट्रिसपेक्षा जास्त आवडतो, हेही सांगून टाकते. (हो, हो, सिनेमात थिओ जेम्स आहे म्हणूनही.) त्याचं नाव फोर, कारण त्याला फक्त चारच भीती आहेत. त्यातली पहिली उंचीची! तरी तो ट्रिसच्या मागोमाग त्या चाकावर चढतो. श्वास लागलेला, हात थरथरताहेत. ट्रिसला ते कळतं, ती खोदत नाही. उतरताना एक दांडा तुटतो आणि ती लोंबकळते. तो खाली जाऊन बंद पडलेलं चाक सुरू करतो आणि तिला जमिनीपाशी आणतो. बेडरांचा हा हिरो तिला स्वतःहून आपल्या चारही भीती दाखवतो तेव्हा प्रेम बसतं, सुरे फेकतो तेव्हा नाही. रॉथने सांगितलंय की या भीतीच्या चाचण्यांची कल्पना तिला मानसशास्त्राच्या वर्गात शिकलेल्या एक्सपोजर थेरपीवरून सुचली. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या थोडं थोडं जवळ नेत राहायचं.

आणि त्याच बेडर गटाचं पुढे काय होतं? पुढारी त्यांना एक औषध टोचतात आणि अख्खा गट झोपेत चालल्यासारखा बंदुका घेऊन शेजारच्यांना मारायला निघतो. उड्या मारायला शिकवलेली, पण एकमेकांवर भरवसा ठेवला की गुण कापले जाणारी पोरं. अल नावाचा त्यातला सर्वांत हळवा मित्र आधीच गेलेला असतो. तो रात्री तोंड झाकून ट्रिसवर हल्ला करणाऱ्यांत सामील होतो, मग माफी मागतो, ती देत नाही, आणि तो जीव देतो. मला हे प्रकरण वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं. भाचीने ते तीनदा वाचलंय.

चाक वर गेलं. एका बाजूला इमारती, दुसऱ्या बाजूला नुसतं निळं. मी समोरच्या दांड्याकडे टक लावून होते.

"मावशी, मी डिबेट सोडलं."

फेब्रुवारीत. एका स्पर्धेत ती स्टेजवर उभी राहिली आणि शब्दच फुटला नाही. चार मिनिटं. समोर परीक्षक, बाजूला टीम. त्यानंतर ती सरावाला गेलीच नाही. मंगळवार-गुरुवार, सराव असतो त्या दोन तासांत शाळेसमोरच्या पब्लिक लायब्ररीत बसायची आणि साडेपाचला बरोबर गेटवर येऊन उभी राहायची. ताई गाडी घेऊन आलेली असायची. "हाऊ वॉज प्रॅक्टिस?" "गुड." मे अखेरपर्यंत. ऑगस्टमध्ये नवं वर्ष सुरू झालं की पुन्हा फॉर्म, पालकांची सही.

'डायव्हर्जंट' तिने त्या लायब्ररीत वाचलं होतं.

मी काय बोलणार? सव्वीसाव्या वर्षी मी एका चॅनेलमधली पर्मनंट नोकरी सोडली आणि चार महिने घरी सांगितलं नाही. रोज आईने भरलेला डबा घेऊन आठ-सतरा पकडायची, दादरला उतरायचं, एका वाचनालयात बसून लोकांना 'काही काम आहे का' म्हणून ई-मेल पाठवायचे, आणि संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यासारखा चेहरा करून घरी. बाबांना दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "डबा तरी नीट खात होतीस ना?" ते वाक्य मला अजून टोचतं. हे मी तिला सगळं सांगितलं. याआधी कोणाला एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "आईला सांगू नकोस. प्रॉमिस."

प्रॉमिस केलं. चाक खाली आलं.

त्या रात्री ताई ओट्यापाशी उद्याच्या मेथीच्या जुड्या निवडत होती. मी मदतीला बसले. जिजू झोपले होते. ती वर न बघता म्हणाली, "तिने सांगितलं ना तुला?"

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

"काही बोलू नकोस. मला मार्चपासून माहितीये. शाळेची मेल आली होती."

"मग तू अजून गाडी घेऊन जात होतीस?"

"हो. साडेपाचला. थोडं आधीच जायचे, कोपऱ्यावर थांबायचे. ती लायब्ररीतून रस्ता ओलांडून गेटवर जाऊन उभी राहायची, मग मी पुढे यायचे."

"विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर खोटं बोलली असती. 'गुड' म्हणते ते वेगळं. डोळ्यांत डोळे घालून विचारलं आणि खोटं बोलली, की मग ते दोघींच्या मध्ये राहणार." ताईने निवडलेली पानं चाळणीत टाकली. "मी तिथे आहे एवढं तिला दिसू दे. येईल तेव्हा येईल. तू तिला सांगू नकोस हं, मला माहितीये म्हणून. मग ती तुझ्याशीही बोलायची नाही."

म्हणजे आता माझ्याकडे दोन प्रॉमिस. एकमेकींच्या बरोब्बर विरुद्ध. पुढचे आठ दिवस मी त्या घरात अशी वावरले की टिल्ट परवडलं असतं. जेवताना भाची माझ्याकडे बघायची, ताई माझ्याकडे बघायची, आणि मी वरणाकडे. एकदा वाटलं, बोलून टाकावं, दोघी सुटतील. मर्चंडाइज मार्ट आठवलं. गप्प बसले.

ओ'हेअरवर भाचीने मिठी मारली आणि कानात विचारलं, "नाही ना सांगितलंस?"

"नाही," म्हटलं. खरं होतं. पूर्ण नव्हतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी सीएसएमटीहून घरी निघाले होते. चक्क चौथी सीट मिळाली होती. फोन वाजला. तिकडे सकाळ.

'टोल्ड आई.'

मग, 'शी न्यू. सिन्स मार्च!!!'

मग बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग. मग, 'डिड यू?'

ब्लू टिक गेली होती. आता वाचलंच नाही असं दाखवायची सोय नाही. (हे सगळं मी तिला विचारून लिहितेय. अट एकच, नाव टाकायचं नाही.) मी लिहिलं, 'हो. त्याच रात्रीपासून. तिलाही प्रॉमिस केलं होतं.' पाठवलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. ठाणं गेलं. मुंब्रा गेलं. शेजारच्या काकू शेंगा सोलत होत्या, त्यांनी न विचारता चार शेंगा माझ्या हातात ठेवल्या.

डोंबिवलीला उतरून पुलावर चढले. मधोमध चालत, कठड्यापासून लांब. तेव्हा परत वाजला.

'यू ओ मी वन टिल्ट.'

विमानाची तिकिटं बघायला लागलेय. टिल्टचं बघू.